भंडारदऱ्याचा नकाशा आणि आमची उमेदवारी

चित्रकला आणि आम्ही यांचें शाळेपासूनच फारसें सख्य नव्हतें. एलिमेंटरी ड्रॉईंगच्या परीक्षेस आम्ही एकदां बसलों आणि मुक्तहस्त चित्रांत जे आपटलों ते पुन्हां त्या वाटेस गेलों नाहीं. घागरीची उजवी बाजू काढावी तर डावी तिच्याशीं जुळत नसे, आणि डावी जुळवूं जावें तर खोडरबरानें कागदच फाटे. पुढें तीस वर्षें आम्हीं पेन्सिल हातीं धरली ती केवळ हिशेब टिपण्यापुरती. अशा मनुष्यानें पन्नाशीच्या जवळ येऊन चित्रें काढण्याचा छंद लावून घ्यावा, आणि तोहि संगणकावर, हें वाचून आमच्या जुन्या सोबत्यांस हसूं येईल, येवो बापडें. परंतु ज्या विद्यार्थ्यांचा हात आमच्यासारखाच जड आहे त्यांस, आणि मुलगा संगणकापुढें बसला म्हणजे तो वेळच दवडतो असें समजणाऱ्या त्यांच्या आईबापांस, ही हकीकत थोडी उपयोगी पडेल असें वाटल्यावरून ती येथें देत आहों.

आमचे वडील (त्यांस घरांत सर्वजण नाना म्हणतात) पाटबंधारे खात्यांत अनुरेखक होते. अभियंत्यांच्या कचेरींतून पेन्सिलीनें काढलेला नकाशा यावा, त्यावर ट्रेसिंगचें कापड ताणून बसवावें आणि काळ्या शाईनें रेघन् रेघ वर उतरवावी, हें त्यांचें काम. त्या कापडावरून मग निळ्या प्रती निघत. त्यांच्या नोकरीचीं कांहीं वर्षें भंडारदऱ्यास गेलीं. तेथें फावल्या वेळीं त्यांनीं स्वतःसाठीं एक नकाशा काढला होता. मध्यें प्रवरेचा जलाशय, पूर्वेच्या टोंकास धरणाची भिंत व शेंडी गांव, पश्चिमेस घाटघर, नैर्ऋत्येस रतनवाडी आणि तेथील अमृतेश्वराचें पुरातन देऊळ, उत्तरेस कळसूबाई. हा नकाशा आम्हांस कळूं लागल्यापासून आमच्या घरच्या भिंतीवर होता. त्यावरील गांवांच्या नांवांवर बोट ठेवून आम्ही अक्षरें जुळवावयास शिकलों, असें म्हटलें तरी तें खोटें होणार नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं घराला रंग देण्याच्या निमित्तानें तो नकाशा खालीं उतरविला, तों आमच्या पोटांत धस्स झालें. कागद पिकून हळदीच्या रंगाचा झाला होता आणि घडीच्या ठिकाणीं हात लावतांच त्याचे कपचे सुटत होते. नानांची दृष्टि अलीकडे काचबिंदूनें मंदावली आहे. त्यांनीं कागद डोळ्यांजवळ नेला, खिडकीकडे धरून पाहिला, आणि परत देतांना ते म्हणाले, "कागद गेला म्हण, नाहीं तर माझे डोळे गेले म्हण, मला आतां यांत तळें दिसत नाहीं." ते सहज बोलून गेले, पण आम्हांस तें लागलें.

प्रथम आम्हीं जें कोणासहि सुचेल तेंच केलें. मोबाईलनें नकाशाचें छायाचित्र घेतलें आणि तें चार फूट रुंद छापून आणण्यास एका छापखान्यांत दिलें. मोठें छापलें म्हणजे नानांस दिसेल, हा साधा हिशेब. परंतु छापून आलेल्या फलकावर तळ्याची कांठरेषा म्हणजे लहान लहान चौकोनांचा जिना झाला होता, आणि गांवांचीं नांवें तर चिरडलेल्या मुंगळ्यांसारखीं दिसत होतीं. यांत छापखान्याचा कांहीं दोष नव्हता. दोष आमच्या अज्ञानाचा होता.

आमचा पुतण्या नववीच्या वर्गांत आहे. त्यानें या गोष्टीचा जो उलगडा केला तो आम्हांस पटला. छायाचित्र म्हणजे लक्षावधि रंगीत चौकोन एकास एक लावून केलेला कशिदा होय. कापड दूर धरलें तर फूल दिसतें, डोळ्यांशीं आणलें तर टांकेच दिसतात. असें चित्र मोठें करणें म्हणजे टांका मोठा करणें. फूल त्यानें अधिक रेखीव होत नाहीं. परंतु चित्राची दुसरीहि एक जात आहे. तींत संगणक रंगाचे चौकोन सांठवीत नाहीं, तर रेषा कशी काढावी याची आज्ञा सांठवितो: या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत जा, वाटेंत अमुक दिशेस इतकें वळ, आणि आंत हा रंग भर. शेजारणीच्या अंगणांतील रांगोळी उचलून आपल्या अंगणांत आणतां येत नाहीं. पण ती किती ठिपक्यांची आणि ते कसे जोडावयाचे एवढें तिनें सांगितलें, तर तीच रांगोळी पाटावरहि निघते आणि शाळेच्या पटांगणांतहि निघते. या जातीच्या चित्रास व्हेक्टर चित्र म्हणतात. तें नखाएवढें करा कीं भिंतीएवढें करा, संगणक तीच आज्ञा नव्यानें पाळतो, आणि म्हणून त्याची कड कधीं विसकटत नाहीं. हें ऐकतांच आमच्या मनांत आलें कीं नानांचा नकाशा या जातींत उतरवितां आला, तर त्यांच्या डोळ्यांस हवा तेवढा तो मोठा करून दाखवितां येईल.

या कामाचीं सॉफ्टवेअरें पुष्कळ आहेत, आणि धंदेवाईक लोक जीं वापरतात त्यांपैकीं कांहींस बरेच पैसे पडतात. नवशिक्यानें आरंभींच पैसे घालूं नयेत असें आमचें मत आहे. आम्हीं ‘इंकस्केप’ घेतलें. तें विनामूल्य मिळतें, आणि त्यांत चोरीची बाब नाहीं. २००३ सालीं कांहीं मंडळींनीं हें काम हातीं घेतलें आणि निरनिराळ्या देशांचे स्वयंसेवक तें आजवर सुधारीत आले आहेत. त्याची १.० या क्रमांकाची आवृत्ति २०२० सालीं निघाली. म्हणजे ‘एक’ हा आंकडा गांठण्यास त्यांस सतरा वर्षें लागलीं! त्यांतील चित्र एसव्हीजी नांवाच्या पद्धतीनें सांठविलें जातें, आणि ही पद्धति २००१ सालापासून सर्वमान्य झालेली असल्यानें दुसरीं सॉफ्टवेअरेंहि तें चित्र वाचूं शकतात. गंमत अशी कीं ही फाईल साध्या मजकुराप्रमाणें उघडली तर आंत केवळ अक्षरें व आंकडे यांच्या रांगा दिसतात. आम्हीं त्या नानांस वाचून दाखविल्या, तेव्हां ते म्हणाले, "यांत पाणी कुठें आहे?"

नकाशास हात घालण्यापूर्वीं आम्हीं आठ दिवस डोंगर काढले. पेन नांवाचें जें हत्यार त्यांत आहे त्यानें पडद्यावर टिचकी मारली म्हणजे एक ठिपका पडतो. त्यास नोड म्हणतात. दुसरीकडे टिचकी मारली कीं दोहोंमध्यें सरळ रेघ. आम्ही टिचक्या मारीत सुटलों आणि कळसूबाईची करवत करून मोकळे झालों. टिचकी मारून बोट न उचलतां माऊस ओढावयाचा असतो, म्हणजे ठिपक्यास दोन्ही बाजूंनीं दोन दांड्या फुटतात. दांडी जिकडे वळवावी तिकडे रेघ झुकते आणि दांडी जितकी लांब करावी तितकें वळण त्या बाजूस ओढलें जातें. हें समजण्यास आम्हांस तीन संध्याकाळ लागल्या. पुतण्यास तीन मिनिटें लागलीं होतीं.

रतनगडानें मात्र आम्हांस चांगलेंच चकविलें. या गडाच्या माथ्यावर कड्यास आरपार एक भोंक आहे, त्यास नेढें म्हणतात. (नेढें म्हणजे सुईचें नाक; शास्त्राच्या तासास उंटाची व सुईची गोष्ट ऐकलेल्या मुलांनीं तें एकदां पाहून यावें.) आम्हीं काळा डोंगर काढला, त्यावर एक पांढरा गोल ठेविला आणि नेढें झालें म्हणून स्वतःची पाठ थोपटली. मग डोंगरामागें संध्याकाळचें केशरी आकाश भरलें, तरी नेढें आपलें पांढरेंच! आम्हीं भोंक पाडलें नव्हतें, भोंकाच्या आकाराची चकती चिकटविली होती. खरें भोंक पाडावयाचें तर दोन्ही आकार निवडून खालच्यांतून वरचा वजा करावा लागतो; त्याची आज्ञा तेथेंच यादींत असते. ती दिल्याबरोबर नेढ्यांतून केशरी रंग दिसूं लागला. त्या रात्रीं आम्हांस जो आनंद झाला तो एलिमेंटरी पास होऊनहि झाला नसता.

आतां नकाशा. जुन्या कागदाचें छायाचित्र खालच्या थरांत ठेवावें, तो थर कुलूप लावून हलेनासा करावा, आणि वरच्या थरांत रेघा ओढाव्या, अशी रीत आहे. म्हणजे नानांचें ट्रेसिंगचें कापडच तें! एके दिवशीं कुलूप लावावयास विसरलों, छायाचित्र किंचित् सरकलें, आणि दोन तासांचें काम एक बोट बाजूला गेलें. परंतु खरी चूक याहून मोठी होती. छायाचित्रावरून आपोआप रेषा काढून देणारी एक आज्ञा या सॉफ्टवेअरमध्यें आहे. आळसाच्या पोटीं आम्हीं प्रथम तीच दिली. क्षणार्धांत तळें तयार झालें, आणि त्याबरोबर कागदाच्या भेगा, कोपऱ्यांतील चहाचा डाग व एका माशीचा पंखहि तयार झाला. ठिपके मोजले तों चार हजारांवर भरले. मग तें पुसून आम्हीं हातानें आरंभ केला, पण भीतीमुळें तांदूळ टाकावेत तसे जवळ जवळ ठिपके टाकीत गेलों. कांठ जुळला खरा, परंतु तो हिवताप भरल्यासारखा थरथरत होता. ठिपके आपोआप कमी करण्याचीहि एक आज्ञा आहे. ती दिली तर थरथर गेली आणि तिच्याबरोबर पाण्यांत घुसलेल्या डोंगराच्या सोंडांचीं टोंकेंहि गोल होऊन गेलीं.

हताश होऊन आम्हीं हें सर्व पडद्यावर खूप मोठें करून नानांस दाखविलें. त्यांस तें दिसलें! किती तरी दिवसांनीं त्यांस रेघ स्पष्ट दिसत होती, आणि ती इतकी वाईट निघावी याची आम्हांस लाज वाटली. त्यांनीं विचारलें, "एवढे ठिपके कशाला रे?" मग उठून त्यांनीं आपला पत्र्याचा डबा आणला. त्यांत शाईचें रूलिंग पेन, कंपास आणि पिवळट पडलेल्या तीन फ्रेंच कर्व्ह होत्या. फ्रेंच कर्व्ह म्हणजे कोयरीसारख्या वळणांची पट्टी. वांकडी रेघ तिच्या कडेनें ओढतात. नाना म्हणाले, "पट्टी फिरवत राहायची. निदान तीन ठिपके एका कडेला लागले पाहिजेत. लागले तरी रेघ शेवटच्या ठिपक्यापर्यंत न्यायची नाहीं, अलीकडेच थांबायचें. पट्टी पुढें सरकवली कीं मागच्या रेघेचें शेपूट तिच्याखालीं घ्यायचें. म्हणजे सांधा दिसत नाहीं. आणि ठिपका कुठें? जिथें वळण आपला स्वभाव बदलतें तिथें. उगाच मधें नाहीं."

आम्ही चकित झालों, कारण दांड्यांचें मर्म तेंच आहे. ठिपक्याच्या दोन्ही दांड्या एका सरळ रेषेंत असल्या तर सांधा दिसत नाहीं. त्या मोडून निरनिराळ्या दिशांस वळविल्या तर तेथें टोंक येतें. तळ्याच्या आखातास पहिला प्रकार आणि डोंगराच्या सोंडेस दुसरा. मागाहून आम्हीं वाचलें तेव्हां कळलें कीं ही विद्याहि मोटारींचीं वांकडीं अंगें कागदावर मांडतां मांडतांच निघाली. फ्रान्समध्यें सिट्रोएन कंपनींतील पॉल द कास्टेल्जो यांनीं १९५९ च्या सुमारास या वक्रांचें गणित बसविलें. परंतु कंपनीनें तें गुप्त राखलें. रेनॉ कंपनींतील पियर बेझिए यांनीं १९६० नंतरच्या दशकांत तसेंच काम करून तें प्रसिद्ध केलें, म्हणून जगभर त्या वक्रांस बेझिए यांचें नांव मिळालें. प्रत्येक वक्रास दोन टोंकें व दोन दांड्या, एवढेंच त्याचें भांडवल. नाना शेजारीं बसून सांगत गेले आणि आम्ही ठिपके खोडीत गेलों. तीनशें बारा होते ते अठ्ठावन्न उरले, आणि तळें प्रथमच पाण्यासारखें दिसूं लागलें.

गांवांचीं नांवें हा वेगळाच प्रपंच झाला. नाना अक्षरें हातानें काढीत. आम्हीं तीं टाईप केलीं. घरच्या संगणकावर सर्व ठीक होतें, पण नमुन्याची प्रत छापून आली तींत ‘प्रवरा’ मधील प चा पाय मोडून र दूर पळाला होता आणि ‘अमृतेश्वर’ तर ओळखूं येईना. छापखान्याच्या संगणकावर आम्हीं वापरलेला टाईप नव्हता, आणि असता तरी जोडाक्षरें त्यास जुळवितां आलीं असतीं असें नाहीं. मराठी मनुष्यानें हें आधींच ध्यानांत ठेवावें: छापावयास देण्यापूर्वीं फाईलची एक प्रत करून तींतील अक्षरांचें आकारांत रूपांतर करावें. म्हणजे अक्षर हें अक्षर राहत नाहीं, तळ्याप्रमाणेंच ठिपक्यांची व वळणांची आकृति होतें, आणि कोठेंहि मोडत नाहीं. मूळ फाईल मात्र जपावी, कारण रूपांतरानंतर शुद्धलेखनाची चूक सुधारतां येत नाहीं. या निमित्तानें आम्हीं ‘श्व’ हें अक्षर पडदाभर मोठें करून पाहिलें. किती थोडे ठिपके, आणि किती नेमके ठेविलेले! मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम यांनीं देवनागरीचे टाईप तयार केले, तेथेंच काम शिकलेल्या जावजी दादाजी यांनीं पुढें १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला. त्या लोकांस हीच वळणें पोलादावर कोरावीं लागत, आणि तेथें केलेलें रद्द करण्याची कळ नव्हती.

एवढें सर्व होऊन नकाशा पुरा झाला असें आम्हांस वाटलें, आणि येथेंच आमच्या हातून अपराध घडला. उपग्रहानें घेतलेलें भंडारदऱ्याचें चित्र आम्हीं सहज नकाशाखालीं लावून पाहिलें, तों घाटघरच्या बाजूस नानांची रेषा पाण्याच्या कितीतरी बाहेर गेलेली दिसली. पाण्याचें एक लांब बोट त्यांनीं डोंगरांत घुसविलें होतें. उपग्रहाच्या चित्रांत तेथें निवळ तांबडी माती. म्हातारपणीं नव्हे, तरुणपणींच त्यांची नजर चुकली असावी, असें समजून आम्हीं तें बोट छाटून टाकलें. त्यांस न विचारतां छाटलें, हें लिहितांना आजहि बरें वाटत नाहीं.

पडद्यावरून हळूहळू बोट फिरवीत नाना तेथवर आले आणि थांबले. "इथलें पाणी काय झालें?" आम्हीं उपग्रहाचा दाखला दिला. त्यांनीं एवढेंच विचारलें, "कोणत्या महिन्यांतला?"

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. चित्र उघड उघड उन्हाळ्यांतलें होतें. पावसाळा संपल्यावर तें पाणी प्रवरेच्या कालव्यांवरील शेतीस सोडीत जातात, आणि उन्हाळ्यांत कांठ उघडे पडतात. नानांनीं काढली होती ती धरण पूर्ण भरल्यावेळची रेषा. तळ्यास एकच कांठ नसतो. आपण कोणता काढतों हें काढणाऱ्यानें आधीं ठरविलें पाहिजे, ही गोष्ट अठ्ठावन्न ठिपके नेमके बसवूनहि आमच्या ध्यानांत आली नव्हती.

गेल्या ऑगस्टांत आम्ही नानांस घेऊन भंडारदऱ्यास गेलों. घोटीवरून बारीमार्गे शेंडीस पोंचेपर्यंत पाऊस एकसारखा कोसळत होता. १९१० सालीं काम सुरू होऊन १९२६ सालीं पुऱ्या झालेल्या, मुंबईचे त्या वेळचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचें नांव असलेल्या त्या सुमारें २७० फूट उंचीच्या दगडी भिंतीपुढें उभे राहिलों, तेव्हां नाना म्हणाले कीं हिचे सगळे नकाशे असेच पट्टी फिरवून काढलेले. घाटघरच्या रस्त्यास लागलों तर धुक्यानें दहा हातांपलीकडे कांहीं दिसेना. दोन तास गाडींत बसून राहिलों. नानांनीं तक्रार केली नाहीं. त्यांस नाहीं तरी सर्व जग तसेंच दिसतें. मग वाऱ्यानें धुकें एकदम वर उचललें. आमच्या पायांखालीं, आम्हीं छाटलेल्या नेमक्या जागीं, डोंगराच्या दोन सोंडांमधून पाणी आंतपर्यंत गेलें होतें. नानांस तें दिसलें किंवा कसें हें आम्हीं विचारलें नाहीं. ते खालीं पाहत उभे होते आणि उजव्या हाताचा आंगठा व तर्जनी यांनीं हवेंत कांहींतरी फिरवीत होते. पट्टी फिरवितात तसें.

घरीं आल्यावर तेवढा भाग त्यांनीं स्वतः केला. पडदा होता तेवढा मोठा केला, माऊसवर त्यांचा हात ठेवला, आणि कोणता ठिपका कोठें हें आम्ही तोंडानें सांगत गेलों. पांच ठिपके टाकण्यास पाऊण तास लागला. त्यांतील एक वळण किंचित् फुगीर झालें आहे. पुतण्यानें तें सारखें करण्याचा आग्रह धरला, पण आम्हीं त्यास हात लावूं दिला नाहीं.

नकाशा आतां चार फूट रुंद छापून भिंतीवर लागला आहे, आणि जवळ उभें राहिलें तर नानांस त्यांतील कांठ दिसतो. सरकारी नकाशांच्या रिवाजाप्रमाणें खालीं उजव्या कोपऱ्यांत एक चौकट आहे. तींत ‘रेखाटक’ या शब्दापुढें नानांचें नांव आणि ‘अनुरेखक’ यापुढें आमचें. ‘तपासलें’ ही तिसरी जागा नानांनीं अद्याप कोरी ठेवविली आहे. मुरशेतच्या अंगाचा एक ओढा त्यांस पसंत नाहीं.